'लिन्नुनराता': पाखरांची वाट आहे, पाखरांचा रथ नाही

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे वाचणाऱ्यांना संदर्भ कळेल. तुम्ही फिनलंडमध्ये, हेलसिंकीजवळच्या एस्पो शहरात राहता. मुलीने शाळेत रात्रीच्या आभाळाचं चित्र काढलं, त्यात पांढरा पट्टा रंगवला आणि खाली फिनिशमध्ये लिहिलं 'लिन्नुनराता', म्हणजे आपली आकाशगंगा. 'लिन्तु' म्हणजे पक्षी हे तुम्हाला ठाऊक होतं. मग 'राता' हा आपला 'रथ' असणार, कारण शंभराला फिनिशमध्ये 'साता' म्हणतात आणि तो आपल्या 'शत'चा भाऊ आहे असं तुम्ही कुठेतरी वाचलं होतं. पक्ष्यांचा रथ म्हटल्यावर सरस्वतीचं हंसवाहन आठवलं आणि गोष्ट जुळल्यासारखी वाटली. शेवटी तुम्ही विचारलंय की चित्राखाली मराठीत काय लिहायचं.

मी वीसेक वर्षं फिनिशमधून मराठीत भाषांतरं करते आणि इथे नव्याने येणाऱ्या आपल्या लोकांना फिनिश शिकवते. हा 'रथ' माझ्या वर्गात दर वर्षी कुणी ना कुणी आणतंच, त्यामुळे तुम्ही एकटे नाही. तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न एकमेकांत अडकलेत: शब्दाचे तुकडे कुठून आले, ते जोडून केलेली कल्पना कुणाची, आणि ती मराठीत आणायची कशी. तिघांची उत्तरं वेगवेगळ्या दिशेने जातात. पहिल्याचं उत्तर बऱ्यापैकी ठाम देता येतं, दुसऱ्याचं अर्धंमुर्धं. तिसऱ्याचं उत्तर चित्र कोण बघणार आहे त्यावर आहे.

कुठलाही फिनिश जोडशब्द समोर आला की मी त्याचा अर्थ शोधण्याआधी तो चालवून बघते. 'लिन्तु'ला षष्ठीचा 'न' लागला की होतं 'लिन्नुन', पक्ष्याचा किंवा पक्ष्याची. मधला 'न्त' मऊ होऊन 'न्न' झाला. आपण 'पाखरू'ची वाट म्हणत नाही, 'पाखराची' म्हणतो, तसंच काहीसं. हेलसिंकीचं 'हेलसिंगिन' होताना तुम्ही पाट्यांवर रोज बघता, तोही हाच खेळ. म्हणजे 'लिन्नुन' हा भाग उघड षष्ठी आहे, त्यात वाद नाही.

आता 'राता'. (यातला 'आ' आपल्या 'आ'सारखा उघडा म्हणायचा, पण लांबवायचा नाही. देवनागरीत ती सोय नाही, सांभाळून घ्या.) 'आकाशगंगेत' म्हणायचं असेल तर फिनिश माणूस म्हणतो 'लिन्नुनरादाल्ला'. 'त'चा 'द' झाला, म्हणजे इथेही व्यंजन मऊ पडलं. हे लक्षात ठेवा, कारण फिनिशमध्ये 'रातास' असा दुसरा शब्द आहे, त्याचा अर्थ चाक. त्याला हीच विभक्ती लावली की तो होतो 'रात्ताल्ला'. इथे 'त' मऊ न पडता उलट दुप्पट झाला. एक शब्द विभक्ती लागल्यावर नरम होतो, दुसरा ताठ होतो. फिनिशला स्वतःलाच हे दोन वेगळे शब्द म्हणून माहीत आहेत. फक्त पहिल्या रूपात ते जुळ्यांसारखे दिसतात.

आणि तुमचा 'रथ' या दुसऱ्याचा नातलग आहे. 'रातास' हा बाल्टिक भाषांतून, म्हणजे आजच्या लिथुआनियन-लॅटव्हियनच्या पूर्वजांकडून, फार पूर्वी उचललेला शब्द. लिथुआनियनमध्ये चाकाला आजही 'रातास'च म्हणतात. त्या घराण्यात लॅटिनचा 'रोता' म्हणजे चाक आहे, आणि आपला 'रथ'ही आहे. त्यामुळे हेलसिंकीच्या ट्राममध्ये आई बाळाला ज्या ढकलगाडीतून चढवते, त्या 'लास्तेनरात्तात' या शब्दात, म्हणजे 'मुलांच्या चाकां'त, रथाचं रक्त आहे. आकाशगंगेत नाही. वर्गात हे सांगितलं की लोक थोडे हिरमुसतात. मला मात्र रथाचा चुलतभाऊ बाबागाडीत सापडला याची जास्त गंमत वाटते.

मग 'राता' कुठून आला? तोही बाहेरूनच, पण वेगळ्या दाराने. अभ्यासक तो जुन्या जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मन-स्वीडिशच्या पूर्वज भाषेतल्या, '*त्रादो' या शब्दापर्यंत नेतात. सुरुवातीची फुली म्हणजे हा शब्द कुठे लिहिलेला सापडलेला नाही, त्याच्या वंशजांवरून तो पुन्हा उभा केलाय. अर्थ: पायाखाली तुडवून तुडवून पडलेली वाट. इंग्रजीत पायाने तुडवण्याला जो 'ट्रेड' आहे तो याच मुळाचा, आणि व्यापारवाला 'ट्रेड'ही. तो शब्दही इंग्रजीत आला तेव्हा वाट, मार्ग याच अर्थाने आला आणि मग ठरलेल्या वाटेने करायचा धंदा असा सरकला.

'त्रादो'चा 'त' कुठे गेला, असं तुम्ही विचारणारच. जुन्या फिनिशला शब्दाच्या तोंडाशी दोन व्यंजनं चालत नसत. आलेला पाहुणा दारातून आत घेताना त्याचं डोकं छाटायचं आणि शेवटचं व्यंजन तेवढं ठेवायचं. स्वीडिश 'ग्लास' झाला 'लासि', 'स्तूल' म्हणजे खुर्ची झाली 'तुओलि', स्टॉकहोम झालं 'तुखोल्मा', आणि किनाऱ्याचा जर्मानिक 'स्त्रान्द' झाला 'रान्ता'. आपल्याकडेही हीच अडचण होती, आपण ती उलट्या बाजूने सोडवली: छाटण्याऐवजी भर घातली. 'इस्कूल', 'इस्टो', 'गिलास'. माझी आजी 'इस्टो पेटव' म्हणायची तेव्हा ती फिनिश आजीचाच प्रश्न सोडवत होती, फक्त जास्त उदार मनाने.

आज 'राता' या शब्दाला भरपूर काम आहे. रेल्वेचा रूळमार्ग, धावण्याची पट्टी, ग्रहाची कक्षा, सगळं 'राता'. विमानतळावर जाणारा जो लोहमार्ग 2015 साली सुरू झाला तो 'केहॅराता', कडेकडेने फिरणारा मार्ग. म्हणून फिनिश मुलाच्या कानाला 'लिन्नुनराता' हा काव्यमय शब्द वाटतोच असं नाही. त्याला तो पक्ष्यांची लाइन वाटू शकतो, जशी आपली हार्बर लाइन.

राहिला 'लिन्तु'. जोडशब्दातला हा भाग घरचा. उराल भाषाकुळातला, म्हणजे फिनिश, एस्टोनियन, हंगेरियन ज्या घराण्यातल्या त्यातला, फार जुना शब्द आहे आणि त्याची भावंडं दूरवर सापडतात. उत्तरेकडच्या सामी भाषेत 'लोद्दि' म्हणजे पक्षी. पण सैबेरियातल्या खांती आणि मान्सी भाषांत 'लुन्त' म्हणजे कुठलाही पक्षी नव्हे, तर हंसकुळातला तो मोठा, मान ताणून उडणारा पक्षी, इंग्रजीतला 'गूज'. हंगेरियनमध्ये 'लूद'ही तोच. म्हणजे फिनिशमध्ये ज्याचा अर्थ पसरून सरसकट पक्षी झाला, तो बहिणींच्या घरी अजून रानहंसच आहे. याकडे परत येऊ.

इथे तुम्ही विचाराल, मग आपला 'हंस' कुठे आहे? तो आहे, आणि तुमच्या रोजच्या रस्त्यात आहे. हेलसिंकी-एस्पोच्या बागांमध्ये, समुद्राकाठच्या हिरवळीवर पांढऱ्या गालांचे काळेकरडे पक्षी कळपाने चरत असतात आणि सगळीकडे घाण करून ठेवतात, ज्यांच्यावरून इथले लोक उन्हाळाभर कुरकुरतात, त्यांचं नाव 'वाल्कोपोस्किहान्हि'. वाल्को पांढरा, पोस्कि गाल, हान्हि रानहंस. हा 'हान्हि' फिनिशने बाल्टिककडून घेतला. लिथुआनियनमध्ये तो 'झांसिस'च्या जवळचा आहे. त्यातला 'झ' फिनिशमध्ये येताना आधी 'श'सारखा आणि मग 'ह' झाला. आणि 'झांसिस' व संस्कृत 'हंस' एकाच मूळ शब्दाची लेकरं. जर्मनचा 'गान्स' आणि इंग्रजीचा 'गूज'ही त्यातलेच. तेव्हा सरस्वतीचं वाहन शोधायचं तर आभाळात बघू नका. बसस्टॉपमागच्या गवतात बघा, आणि चालताना खालीही बघा.

माझ्या कामात मला हे पुन्हा पुन्हा दिसतं. 'राता' आणि 'रथ' दिसायला सख्खे, पण नातं नाही. 'हान्हि' आणि 'हंस'ही कानाला जवळचे वाटतात, आणि तिथे नातं आहे. पण ते कान सांगतो म्हणून नव्हे. 'झ'चा 'ह' होण्याची तीच वाट इतर शब्दांतही दिसते म्हणून. वाटाण्याला फिनिशमध्ये 'हेर्ने' आणि लिथुआनियनमध्ये 'झिर्निस', तिथेही तसंच. एकच जोडी जुळली तर तो योगायोग असू शकतो. तोच बदल पाच-सहा शब्दांत नियमाने भेटला, तर मी सही करते. तुमचं 'साता' या कसोटीला उतरतं: ते इंडो-इराणी, म्हणजे संस्कृत आणि इराणी भाषांच्या पूर्वज लोकांकडून उराल भाषांत आलेलं आहे. तसाच 'वासारा' म्हणजे हातोडा, आपल्या 'वज्रा'चा नातलग.

याच चाकोरीतला, पण तुम्ही न विचारलेला एक शब्द सांगितल्याशिवाय राहवत नाही. रेल्वेला फिनिश शब्द 'राउतातिए'. राउता लोखंड, तिए रस्ता. हेलसिंकी ते हॅमेएनलिन्ना ही इथली पहिली रेल्वे 1862 साली धावली, आणि शब्द स्वीडिश-जर्मनच्या 'लोखंडी वाटे'वरून शब्दशः बेतला, जसा आपला 'लोहमार्ग'. कल्पना उसनी, यात शंका नाही. पण 'राउता'चं मूळ बघा. तो जर्मानिकमधल्या 'तांबडा' या अर्थाच्या शब्दावरून आला, कारण दलदलीतून काढायचं लोहखनिज तांबूस असे. आणि आपला 'लोह'ही आधी तांबूस धातू, म्हणजे तांबं. बहुतेक अभ्यासक त्याला 'रुधिर', 'रोहित' यांच्याच कुळात बसवतात. दोन लांबच्या देशांनी एकाच आगगाडीसाठी नाव पाडलं आणि दोघांच्याही नावात तोच जुना तांबडा रंग निघाला. दिसण्यावरून हे कुणी ओळखलं असतं?

आता तुमच्या प्रश्नाची दुसरी गाठ: कल्पना कुणाची. 'राउतातिए' जसा भाषांतर केलेला शब्द आहे, तसा 'लिन्नुनराता' आहे का? स्वीडिशमधून तर नक्कीच नाही. स्वीडिश लोक आकाशगंगेला 'विंतेरगातान' म्हणतात, हिवाळ्याचा रस्ता. लॅटिनची दुधाची वाट युरोपभर पसरली, तीही इथे नाही. उलट फिनलंडच्या आखाताच्या पलीकडे एस्टोनियात 'लिन्नुतेए', म्हणजे पक्ष्याची वाट, पण 'राता' न वापरता 'तेए' वापरून. कल्पना तीच, शब्द वेगळा. यावरून मी म्हणते की कल्पना या जोडशब्दापेक्षा जुनी आहे. प्रत्येकाने ती आपापल्या वाटेच्या शब्दाने बांधली. लिथुआनियन आणि लॅटव्हियनमध्येही पक्ष्यांचीच वाट. व्होल्गाकाठच्या मारी लोकांत ती रानहंसांची वाट, त्यांचे शेजारी चुवाश लोक तुर्की कुळातली भाषा बोलतात, त्यांच्यातही रानहंसांचीच, आणि कझाखमध्ये 'कुस जोली', पक्ष्यांचा मार्ग. तीन वेगवेगळी भाषाकुळं, एकच चित्र. कुणी कुणाकडून घेतलं, हे इथवरच्या पुराव्यावर मी ठरवणार नाही. भाषेने नात्यातल्याच हंगेरियन लोकांनी मात्र लोककथांत तिला सैन्याची वाट केलं. म्हणजे रक्ताच्या नात्यापेक्षा इथे शेजाराने, आणि कदाचित डोक्यावरून काय उडत जातं याने, जास्त काम केलेलं दिसतं.

हे 'डोक्यावरून काय उडत जातं' मला पुस्तकातून कळलं नाही. इथल्या उन्हाळ्यात रात्र काळी होतच नाही, त्यामुळे आकाशगंगा महिनोन्महिने गायब असते. ऑगस्टमध्ये अंधार परत येतो. माझ्या तिसऱ्या वर्षी सप्टेंबरअखेर एका तळ्याकाठच्या लाकडी झोपडीत राहिले होते. रात्री साडेनऊ-दहाला बाहेर आले तर तो पट्टा ईशान्येकडून चढून जवळजवळ डोक्यावरून नैऋत्येकडे उतरत होता. आणि अंधारात, दिसत नाही अशा उंचीवरून, रानहंसांचा कलकलाट त्याच दिशेने सरकत चालला होता. उत्तरेचे थवे याच दिवसांत नैऋत्येला निघतात. मी भाषांतरासाठी तोवर तीन वेळा लिहिलेला शब्द त्या रात्री पहिल्यांदा वाचला. ज्या आठवड्यांत वाट उजळते त्याच आठवड्यांत वाटसरू निघतात, आणि दोघांची दिशा एक. हे बघून ज्याने नाव पाडलं त्याला कवी असण्याची गरज नव्हती.

जुन्या फिनिश समजुतीत ही वाट जाते 'लिन्तुकोतो'ला, म्हणजे पक्ष्यांच्या घरी: आभाळाचा घुमट जिथे जमिनीला टेकतो तिथला उबदार प्रदेश. आज हा शब्द सुरक्षित, जगाच्या झळा न लागलेल्या जागेसाठी वापरतात, बऱ्याचदा टोमण्याने. पक्षी जन्मताना जीव आणतो आणि मरताना नेतो अशीही समजूत होती, त्यामुळे काहीजण 'लिन्नुनराता'ला आत्म्यांची वाट मानतात. आपल्याकडे प्राणपाखरू उडतं, तेव्हा ही कल्पना आपल्याला लगेच पटते. मला वाटतं नावाच्या उलगड्याला स्थलांतर पुरेसं आहे, आत्मे नंतर त्याच वाटेला लागले असावेत. पण हे माझं मत, यावर मी पैज लावणार नाही.

पक्षी खरंच ताऱ्यांवरून दिशा ओळखतात का? काही ओळखतात. 1960च्या दशकात अमेरिकेत स्टीफन एमलेन यांनी तारांगणात पक्षी ठेवून दाखवलं की उत्तरेचं आभाळ ज्या बिंदूभोवती फिरतं त्यावरून ते दिशा धरतात. खुद्द आकाशगंगेच्या पट्ट्यावरून सरळ चालणारा प्राणी म्हणून 2013 मध्ये ज्याची नोंद झाली तो मात्र दक्षिण आफ्रिकेतला शेणकिडा. फिनिश लोकांना हे सांगू नका, उगाच मान खाली जाईल.

राहिलं भाषांतर, आणि इथे माझी एक फजिती सांगते. एका मुलांच्या गोष्टीत मी 'लिन्नुनराता'ला बिनधास्त 'आकाशगंगा' लिहिलं. शब्द बरोबर, परीक्षेत पूर्ण गुण. पुढच्याच पानावर वाट चुकलेलं हंसाचं पिल्लू वर बघतं आणि आजीने सांगितलेल्या रस्त्याला लागतं. मराठीत ते पिल्लू नदीकडे बघून रस्त्याला लागलं. फिनिश मुलाला जे नावातच सांगून झालं होतं ते माझ्या मराठी वाचकाला कळायला मार्ग नव्हता, आणि पुस्तक छापून आलं होतं. आपल्या शब्दात गंगा आहे, पाणी आहे, काठ आहे. संस्कृतातला 'छायापथ' बंगालीत टिकला, मराठीत रुजला नाही, नाहीतर निदान वाट तरी हाताशी असती.

तेव्हापासून मी असं करते: शास्त्राचा मजकूर असेल तर आपल्या पट्ट्याला 'आकाशगंगा', तिच्यासारख्या इतर अफाट ताऱ्यांच्या पसाऱ्यांना 'दीर्घिका', जसं मराठी खगोललेखनात चालतं, तिथे पक्षी आणले तर वाचकाचा गोंधळ उडेल. बातमीत किंवा सरकारी कागदात तर प्रश्नच नाही. पण जिथे मजकुरातले पक्षी त्या वाटेने खरोखर चालले आहेत, तिथे मी 'पाखरांची वाट' लिहिते आणि पहिल्या वेळी जवळपास कुठेतरी आकाशगंगा हा शब्द सहज पेरून ठेवते. 'पक्षीपथ' मला चालत नाही, तो महापालिकेने उद्यानाला दिलेल्या नावासारखा वाटतो.

तुमच्या मुलीच्या चित्राचा फोटो तुम्ही जोडलाय, म्हणून उत्तर सोपं झालं. पांढऱ्या पट्ट्याखाली डाव्या कोपऱ्यात तिने पाच काळे बाण काढलेत, सगळे एकाच दिशेला. तुम्ही त्यांना विमानं म्हटलंय. तिला एकदा विचारा. माझ्या मते ते हंस आहेत, आणि तसं असेल तर खाली 'पाखरांची वाट' लिहा. खरंच विमानं निघाली, तर 'आकाशगंगा' ठीक.